पिवळ्या पावलांवरचा उजेड

भिंगरीला शाळेचं काम मिळालं त्या दिवशी ती मामाच्या दुकानाच्या तीन पायऱ्या एकाच उडीत उतरली आणि समोरून येणाऱ्या पोस्टमनच्या सायकलीवर आदळता आदळता वाचली. पस्तिशी ओलांडलेल्या, घरी नवरा आणि दोन लेकी असलेल्या बाईला हे शोभणारं नव्हतं, पण तिचं नावच मुळी त्यामुळे पडलं होतं. लहानपणी ती एका जागी टिकत नसे म्हणून मामा तिला भिंगरी म्हणू लागला, आणि पुढे खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यात उरलं.

मामा जुना इलेक्ट्रिशियन. तिला पक्कड धरायला त्यानंच शिकवलं. पंधरा वर्षं दोघांनी मिळून कामं केली. ती शिडीवर, मामा शिडीखाली, आणि मामाचं तोंड अखंड चालू. पण दोन वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्यानं संप पुकारला तो काही मिटला नाही. म्हणून ह्या शाळेच्या कामाचा आराखडा त्यानं तिच्या हातात ठेवला आणि सांगून टाकलं, की ह्या खेपेला शिडीखाली तो नसणार. मोजमाप तिचं, भोकं तिची, आणि तपासणीला साहेब येतील तेव्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं तेही तिनंच.

शाळा कर्णबधिर मुलांची होती. शाळेनं नवा हॉल बांधला होता, अर्धा जमिनीखाली. नाटकं करायची म्हणून त्याला एकही खिडकी ठेवलेली नव्हती. भर दुपारी दिवे मालवले तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. आत यायला मागच्या बाजूनं जिना, आणि रंगमंचाच्या डाव्या अंगाला अंगणात उघडणारं दुसरं दार. वीज गेली तर साठ मुलं त्या काळोखात अडकतील, म्हणून अग्निशमन खात्यानं आपत्कालीन दिवे लावल्याशिवाय हॉल वापरायला मनाई केली होती. हे दिवे स्वतःची बॅटरी पोटात घेऊन असतात. वीज असली की गुपचूप चार्ज होत राहतात आणि ‘मी जागा आहे’ म्हणून हिरवा ठिपका दाखवतात. वीज गेली की कुणी बटण न दाबता आपणहून पेटतात, आणि निदान तीन तास तगावेत असा नियम आहे.

असे बेचाळीस दिवे लावायचे होते. भिंगरीनं नऊ दिवस घेतले. छताला भोक पाडताना सिमेंटची पांढरी भुकटी तिच्या भुवयांवर साचायची, आणि संध्याकाळी घरी गेली की लेकी म्हणायच्या, आई आज एकदम म्हातारी झाली. तिनं प्रत्येक दिव्यावर नंबराची चिठ्ठी चिकटवली आणि एका जाड वहीत नंबर, जागा, तारीख लिहून काढली. दारांवर पळणाऱ्या हिरव्या माणसाच्या पाट्या बसवल्या. जिन्याच्या वळणावरचा सतरा नंबरचा दिवा तिनं तीनदा उतरवून पुन्हा लावला, कारण पहिल्या दोन खेपांना शेवटच्या पायरीची कड सावलीत राहत होती. शाळेचा शिपाई स्टुलावर बसून हे बघत असे. तो म्हणाला, एवढ्या वेळात लोक घर बांधतात.

सगळे ठिपके हिरवे झाल्यावर तिनं पूर्ण एक दिवस आणि एक रात्र दिव्यांना चार्ज होऊ दिलं. मग मंगळवारी दुपारी फक्त शिपायाला सोबत घेऊन ती हॉलच्या विजेच्या पेटीपाशी उभी राहिली. तिनं स्विच खाली ओढला.

काळोख झाला, आणि पापणी लवते न लवते तोच बेचाळीस दिवे एकदम उघडले. दुधासारखा पातळ उजेड खुर्च्यांच्या रांगांमधून, जिन्यावरून, रंगमंचाच्या कडेवरून उतरला. शिपाई स्टुलावरून उठला. भिंगरी उजेड मोजायचं छोटं यंत्र घेऊन वाकून वाकून सगळ्या वाटांवरून फिरली, आणि जिथे जिथे यंत्र जमिनीला टेकवलं तिथे तिथे आकडा हवा त्याच्या वरच आला. मग कुणी बघत नाही असं समजून ती रंगमंचावर चढली आणि तिथे तिनं एक गिरकी घेतली. शिपाई बघत होता, पण त्यानं ते मनात ठेवलं.

त्याच संध्याकाळी मोठ्या बाईंनी, म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावून घेतलं. गुरुवारी तपासणी होती आणि शनिवारी पालकांसमोर मुलांचं नाटक. मुलांना हे दिवे आधी दाखवून ठेवावेत, म्हणजे ऐन वेळी ती घाबरणार नाहीत, असं बाईंचं म्हणणं. भिंगरीला एवढंच हवं होतं. घरी गेल्यावर तिनं नवऱ्याला ते दिवे कसे पेटतात हे चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सुरुवात केली तेव्हा त्यानं तिच्या ताटात भाजी वाढली आणि आधी जेव म्हणाला.

बुधवारी सकाळी नऊला साठ मुलं हॉलमध्ये जमली. नाटकाची तालीम चालू होती. बोलणं सगळं हातांचं, आणि हातांइतकंच चेहऱ्यांचं. भुवया, गाल, ओठ, खांदे, सगळे बोलत होते. भिंगरी भान हरपून बघत राहिली. दोन वेण्यांची एक दहा वर्षांची मुलगी नाटकात राणी होती आणि ती प्रधानाला इतकी झाडत होती की एक शब्द न कळताही भिंगरीला प्रधानाची कीव आली. तालीम बसवत होते चित्रकलेचे सर. तेही ह्याच शाळेत शिकलेले, जन्मापासून कर्णबधिर, चाळिशीचे, उंच. त्यांच्या खिशात कायम एक वही आणि पेन्सिल असे.

बाईंनी मुलांना खुणांनी सांगितलं, की आता दिवे जातील, घाबरू नका. मग भिंगरीनं स्विच ओढला.

दिवे पेटले. मुलांनी आधी एकमेकांचे हात धरले, मग वर बघितलं, मग हसू लागली. भिंगरीची छाती फुगली. ठरल्याप्रमाणे चित्रकलेचे सर मागच्या दाराशी गेले आणि त्यांनी मुलांना बाहेर यायची खूण केली.

मुलं जागची हलेनात.

सर पुन्हा हात हलवत होते. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी माना वेळावून बघत होत्या, डोळे बारीक करत होत्या. मग राणीनं शेजारणीकडे वळून काहीतरी विचारलं, आणि शेजारणीनंही खांदे उडवले. भिंगरीला कळेना, जमिनीवर तर लख्ख दिसतंय. एवढ्यात सर लांब ढांगा टाकत तिच्याकडे आले, तिला हाताला धरून पहिल्या रांगेत नेऊन बसवलं, आणि स्वतः परत दाराशी जाऊन उभे राहिले.

तेव्हा तिनं पाहिलं. सरांच्या डोक्यावर पळणाऱ्या माणसाची पाटी झगमगत होती आणि तिच्याखाली सर म्हणजे नुसती एक काळी आकृती होती. पायाखालची फरशी दिसत होती, चपलांचे अंगठे दिसत होते. चेहरा नव्हता. हात छातीसमोर हलत होते, पण काळ्यावर काळं.

सर परत आले, वही काढली आणि लिहिलं: ‘दिवे गेले की तुम्ही एकमेकांना हाका मारता. आम्ही काय करायचं?’

भिंगरीनं ते दोनदा वाचलं. नऊ दिवस ती वाटा उजळत होती, आणि माणसं अंधारातच राहिली होती. नियमात फक्त जमीन होती. आराखड्यात फक्त जमीन होती. यंत्र तिनं जमिनीलाच टेकवलं होतं. तिला वाईट वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही, पण लगेच ती खुर्चीवरून ताडकन उठली. हे कोडं तिचं होतं. आजवर तिनं दुसऱ्यांनी काढलेल्या आराखड्यांवर बोट ठेवून कामं केली होती. ह्याचं उत्तर कुठल्याच कागदावर नव्हतं.

तिनं मामाला फोन लावला. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि मग तो त्याच्या शिडीखालच्या आवाजात म्हणाला, की आकडे बरोबर आहेत ना, मग विषय संपला. उद्या तपासणी आहे. नको तिथे हात घातलास तर साहेब आराखडा पुढे करून आख्खं काम नापास करतील.

“मामा, पण त्यांना बोलता येत नाहीये,” भिंगरी म्हणाली. “अंधारात. एकमेकांशी.”

मग मामानं विचारलं की दुकानात तसले दिवे किती शिल्लक आहेत. तिनं सांगितलं, पाच. मामानं फोन ठेवला.

इकडे भिंगरीनं स्वस्थ बसणं शक्यच नव्हतं. चाचणीसाठी तिच्या पिशवीत एक सुटा दिवा होता, पूर्ण चार्ज केलेला. तो तिनं शिपायाच्या जळमटं काढायच्या लांब काठीला चिकटपट्टीनं बांधला. मुलांना खुर्च्यांवर पसरून बसवलं, सरांना दाराशी उभं केलं, आणि काठी उचलून ती हॉलभर फिरू लागली. काठी डावीकडे नेली, उजवीकडे नेली, वर केली, तिरपी केली. सर हातांनी एकेक वाक्य बोलत, आणि ज्या मुलांना कळलं ती हात वर करत. पहिल्यांदा नऊ हात वर आले. काठी पुढे सरकली, बावीस. समोरून फार खाली आणली तर सरांचेच डोळे दिपायचे आणि ते चेहरा आवळायचे, मग मुलं हसायची. भिंगरीला कळत गेलं, की दिवा माणसाच्या डोक्यावर नको, मागे तर नकोच नको. समोरून, थोडा बाजूनं, दोन पुरुष उंचीवरून तिरपा पडला, की भुवया, ओठ आणि बोटं तिन्ही उजळतात. एका जागी काठी थबकली आणि एकदम साठच्या साठ हात वर गेले. काहींनी तर दोन्ही वर केले.

सरांचं वाक्य काय होतं ते बाईंनी हसत हसत तिला सांगितलं. सर म्हणत होते, ‘ह्या बाईंच्या नाकाला पांढरा रंग लागलाय.’

ती हत्यारांच्या पिशवीतून हाताला लागलेली सिमेंटची भुकटी होती. भिंगरीनं नाक पुसलं तर ती आणखी पसरली. त्या क्षणापासून मुलांनी तिचं नाव ठेवलं. नाकाच्या शेंड्यावर दोन बोटं टेकवून ती फुंकर मारल्यासारखी उडवायची, की झाली भिंगरी. ह्या मुलांच्यात प्रत्येकाला असं हातांचं नाव असतं, बाईंनी समजावलं, आणि ते मागून मिळत नाही. भिंगरीनं ते नाव स्वतःच्या नाकावर करून बघितलं आणि ती खूश झाली.

त्या खेळात चार जागा सापडल्या. दोन्ही दारांशी एकेक, रंगमंचासमोर एक, आणि जिन्याच्या वळणावर एक. माणूस नेमका कुठे उभा राहिला पाहिजे हे विसरू नये म्हणून सरांनी पिवळ्या रंगाचा डबा आणला, राणीला आणि प्रधानाला हाताशी घेतलं, आणि चारही ठिकाणी फरशीवर पावलांची एकेक जोडी रंगवली. वीज गेली की ज्या त्या शिक्षकानं त्या पावलांवर उभं राहायचं.

साडेदहाला शाळेच्या फाटकाशी टॅक्सी थांबली आणि तीतून आधी एक काठी, मग एक गुडघा आणि मग पुटपुटणारा मामा बाहेर पडला. त्यानं पाचही दिवे आणले होते. तो हॉलमध्ये उतरला, पिवळ्या पावलांवर उभा राहिला, वर भिंगरीच्या काठीकडे बघितलं आणि पहिल्या रांगेतल्या राणीला विचारलं, दिसतोय का मी. राणीला त्याचे शब्द कळले नाहीत, पण प्रश्न कळला. तिनं मान डोलावली आणि त्याच्या मिशांची नक्कल केली.

“शिडी लाव,” मामा म्हणाला.

दुपारी एकला चौथ्या दिव्याचा ठिपका हिरवा झाला. आता अडचण अशी, की तपासणी दुसऱ्या दिवशी अकराला होती आणि नव्या दिव्यांना पूर्ण चार्ज व्हायला चोवीस तास हवे होते. भिंगरीनं तपासनीस साहेबांच्या कचेरीत फोन केला आणि चाचणी एकला सुरू करायची विनंती केली, नव्या चार दिव्यांचं कारणही सांगितलं. पलीकडून कोरडा आवाज आला, की आराखड्यात बेचाळीस दिवे आहेत, हे चार कुठले. ती समजावू लागली तोवर साहेबांनी उद्या एकला येतो म्हणून फोन ठेवून दिला होता.

गुरुवारी ते आले ते बरोबर एकच्या ठोक्याला. साठीला टेकलेले, सडपातळ, इस्त्रीच्या कडा धारदार. हॉलमध्ये शिरताच त्यांनी आराखडा उघडला आणि एकेक दिवा मोजत गेले. बेचाळीसपर्यंत त्यांच्या पेन्सिलीनं ठिपके दिले. त्रेचाळिसाव्यापाशी ती थांबली.

“हा इथे नाही,” कागदावर टिचकी मारत ते म्हणाले. “जे कागदावर नाही ते मी पास करू शकत नाही. आणि खाली हे रंगवलंय काय?”

मामा मागच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या ओठांवर आलेले शब्द त्यानं गिळले ते भिंगरीला दिसलं. शिडीखाली मी नसेन, हे त्याचं बोलणं तो पाळत होता. मोठ्या बाईही तिच्याकडेच बघत होत्या. भिंगरी घाबरली होती, आणि तरी तिला आत कुठेतरी मजा वाटत होती, झोका पार टोकाला गेल्यावर वाटते तशी.

“साहेब, कागद नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी मुलांना बाहेर काढून बघू. एकदा ह्या चार दिव्यांशिवाय, एकदा त्यांच्यासकट. घड्याळ तुमच्या हातात.”

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांना दिवे दाखवणारे पुष्कळ भेटले असतील, घड्याळ हातात देणारं बहुधा कुणी नव्हतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून तळहातावर घेतलं.

स्विच खाली गेला आणि तीन तासांची चाचणी सुरू झाली. सेहेचाळीस दिवे पेटले. भिंगरीनं शिडी फिरवून चारही नव्या दिव्यांवर चित्रकलेच्या तासाचे जाड कापडी एप्रन बांधले, आणि हॉल काल सकाळसारखा झाला. मुलं आपापल्या जागी बसली. साहेबांनी स्वतः अट घातली, की मागच्या जिन्यात आग लागली असं समजायचं. ते दार बंद. हे मुलांना आधी सांगायचं नाही.

त्यांनी मान हलवली. मुलं सवयीनं उठली आणि जिन्याकडे निघाली. तिथे चित्रकलेचे सर उभे होते आणि दोन्ही हातांनी सांगत होते, की इकडे नको, मागे फिरा, अंगणाच्या दाराकडे. ती काळी आकृती हात हलवते आहे एवढंच मुलांना दिसलं. बोलावतायत असं वाटून ती आणखी भराभर पुढे सरकली. पुढची थांबली, मागची येऊन धडकली, मधली चेंगरू लागली. एक लहान मुलगा रडू लागला, आणि तो रडतोय हे त्याच्या पुढच्याला कळलंही नाही. शेवटी सरांनी एकेकाच्या खांद्याला धरून वळवायला सुरुवात केली. शेवटचं मूल अंगणात पोचलं तेव्हा साहेबांच्या घड्याळात साडेचार मिनिटं झाली होती. आराखड्याची घडी घालून त्यांनी ती खिशात ठेवली.

भिंगरी शिडीवर कशी चढली आणि उतरली हे तिला नंतर आठवेना. चारही एप्रन सोडून तिनं खांद्यावर टाकले. मुलं परत आत आली, पाणी प्यायली, बसली. साहेबांनी अट बदलली, म्हणजे मुलांनी आधीचंच पाठ केलं असं नको. ह्या खेपेला अंगणाचं दार बंद आणि जिना मोकळा. पण ते मुलांनी ओळखू नये म्हणून त्यांनी सगळ्यांना अंगणाच्या दाराच्या तोंडाशीच रांगेत उभं केलं.

त्या दाराशी आता मोठ्या बाई उभ्या होत्या, दोन्ही पाय पिवळ्या पावलांवर. रांग हलली. पहिलं मूल दोन पावलं पुढे आलं असेल नसेल, बाईंचे हात उठले. समोरून, किंचित बाजूनं आलेल्या उजेडात त्यांची दहा बोटं आणि कडक झालेल्या भुवया हॉलच्या टोकापासून दिसत होत्या. रांगेच्या पुढून मागेपर्यंत मान वळल्यासारखी रांगच वळली. रंगमंचासमोर दुसऱ्या शिक्षिकेनं तेच सांगितलं, जिन्याच्या वळणावर सरांनी तेच. मधल्या मुलांनी मागच्यांना सांगितलं, कारण मधल्यांचेही हात आता दिसत होते. कुणी धावलं नाही. राणीनं त्या लहान मुलाचं बोट धरलं आणि चालता चालता एका हातानं त्याला काहीतरी गमतीचं सांगितलं असावं, कारण तो हसत जिना चढला.

साहेबांनी घड्याळ बघितलं, कानाला लावलं आणि परत बघितलं.

“एक मिनिट अठ्ठावन्न,” ते म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. मग त्यांनी मामाकडे वळून विचारलं, की हे डोकं कुणाचं.

“तिचं,” मामा म्हणाला. “मी विषय संपला म्हणालो होतो.”

पुढचा वेळ मुलांनी त्याच उजेडात नाटकाची तालीम केली, आणि साहेब, जे कोपऱ्यात बसून फॉर्म भरणार होते, ते दुसऱ्या रांगेत बसले ते हललेच नाहीत. राणीनं प्रधानाला झाडलं तेव्हा ते खुदकन हसले. मात्र अडीच तास झाले तसे ते उठले आणि मुलांना बाहेर पाठवायला सांगितलं. आता बॅटऱ्या संपत येणार, एवढ्यात मुलांना इथे ठेवायचं नाही. नियम तो नियम. मुलं अंगणाच्या दारात गर्दी करून उभी राहिली आणि तिथून आत डोकावू लागली.

शेवटचा अर्धा तास भिंगरी हॉलच्या मधोमध उभी होती आणि तिची मान सेहेचाळीस दिव्यांवरून फिरत होती. पावणेतीन तासांना सतरा नंबर मंद झाला. तो मंद झाला हे आधी मामाला कळलं. तो काठी टेकत जिन्यापाशी गेला आणि तिथेच खालच्या पायरीवर बसला, आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. साहेबांनी यंत्र मागवून पायरीला टेकवलं. आकडा हवा त्याच्या जेमतेम वर होता. दहा मिनिटं राहिली. सतरा नंबर पिवळट झाला. पाच राहिली. दारातल्या मुलांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळे कुठे बघतायत हे त्यांना दिसत होतं, आणि साठ जोड्या डोळे त्या एका दिव्याला लागले. साहेबांनी पुन्हा यंत्र टेकवलं. अजून वर होता. केसभर.

तीन तास भरले. साहेबांनी हात वर केला. भिंगरीनं स्विच वर ढकलला आणि हॉलचे मोठे दिवे भसकन लागले. दारातली मुलं दोन्ही पंजे डोक्यावर नेऊन गरागरा फिरवू लागली. टाळ्या ऐकू येत नाहीत त्यांच्या टाळ्या अशाच असतात. भिंगरीनंही पंजे वर केले. मग तिच्या लक्षात आलं की शेजारी साहेबांचेही हात खांद्यापर्यंत आले आहेत आणि तिथेच अवघडून थांबले आहेत.

साहेबांनी तपशीलवार लिहून घेतलं. सगळे दिवे तीन तास टिकले. सतरा नंबरची बॅटरी कमजोर, आजच बदलावी आणि शनिवारच्या आत त्या दिव्याची वेगळी चाचणी घेऊन वहीत नोंद करावी. बाकी दिवे चार्ज होईपर्यंत उद्या ह्याच वेळेपर्यंत हॉल बंद. आणि नवे चार दिवे आराखड्यावर काढून द्यावेत, म्हणजे त्यांना सही करता येईल. सरतेशेवटी त्यांनी पेन खिशाला लावलं आणि विचारलं, की पावलांचा रंग कुठला वापरला. पलीकडच्या वस्तीत अशीच आणखी एक शाळा आहे, तिथलं काम गेल्या वर्षी त्यांनीच पास केलं होतं.

तिथेही उजेड फक्त जमिनीवरच पडत असणार, हे भिंगरीला कळलं.

आराखडा तिनं तिथेच रंगमंचाच्या कडेवर पसरला. मामानं पट्टी धरली, तिनं शाईनं चार छोटे चौकोन काढले आणि प्रत्येकातून तिरपी एक रेघ ओढली, उजेड कुठून कुठे पडतो ते दाखवायला. चित्रकलेचे सर वाकून बघत होते. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक रेघेच्या टोकाशी एक इवलासा माणूस काढला, हात वर केलेला. आराखड्यावर असलं काही काढत नाहीत. भिंगरीनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी कागद ओढून घेतला आणि त्या माणसांच्या खाली सही केली.

मामा काठी शोधत उठला आणि म्हणाला, की सतरा नंबर बदलून घे, मी तोवर चहा बघतो. पण भिंगरी जागेवर नव्हतीच. ती शिडी खांद्यावर टाकून जिना चढत होती, आणि साहेबांच्या मागे मागे जात त्या दुसऱ्या शाळेचा पत्ता विचारत होती.